शिऱ्याचा आवाज

१

डबी उघडली आणि सुधाकरराव महाजन नुसतेच बघत राहिले. आत पांढऱ्याशुभ्र कापसाची गादी होती, गादीवर माळेचा गोल खळगा होता, आणि माळ नव्हती.

"आक्का," ते शेवटी म्हणाले, "बोरमाळ कुठे आहे?"

त्यांची थोरली बहीण रंभाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. सारी गल्ली त्यांना आक्का म्हणे. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, तेव्हापासून भावाच्या घरी. त्यांनी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या आणि म्हणाल्या, "तिथेच असेल. दुपारी तूच पाहिलीस ना?"

दुपारी जेवण झाल्यावर सुधाकररावांनी खरंच पाहिली होती. आज कोजागिरी. भादव्याच्या पौर्णिमेला मातीची भुलाबाई घरात बसवायची, महिनाभर संध्याकाळी पोरींनी तिच्यापुढे गाणी म्हणायची आणि कोजागिरीला तिला निरोप द्यायचा, ही तापीकाठची रीत. महाजनांकडे त्या संध्याकाळी घरातली सोन्याची बोरमाळ भुलाबाईपुढे ठेवत. यंदा त्या माळेला आणखी एक काम होतं. शुक्रवारी मलकापूरचे पाहुणे येणार होते, लेकीच्या, सुलभाच्या साखरपुड्याला. सुलभाची आई मरताना नवऱ्याकडून वचन घेऊन गेली होती की माझी माळ पोरीच्या गळ्यात पडल्याशिवाय साखरपुडा करायचा नाही. आणि सुधाकरराव शब्दाला असे चिकटलेले की बैलजोडीने ओढले तरी सुटायचे नाहीत.

शारदाबाई लोणकर हे सगळं जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पाहत होत्या. माडीवरच्या खोलीत त्या भाड्याने राहत आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत. ऐन उमेदीत नवरा गेला, मग नागपूरला शिकून त्या बऱ्हाणपूरला आल्या, आणि राहिल्या. खिरापतीसाठी आक्कांनी त्यांचाच पितळी डबा मागून नेला होता. मळसूत्री झाकणाचा तो डबा त्यांच्या वसतिगृहाच्या दिवसांतला. आत एक ताटली बसायची, वर भाजी आणि खाली पोळ्या नेता येत. आपला डबा निघाला म्हणून आपणही निघावं, एवढ्याच हौसेने त्या खाली आल्या होत्या.

"दार लावा," सुधाकरराव कडाडले. "घरातून कोणी हलायचं नाही. एक एक कोनाडा पाहणार मी."

"अरे, पोरींना तरी जाऊ दे," आक्का हळूच म्हणाल्या. "वकिलांच्या अंगणात सगळ्या थांबल्यात. भुलाबाईचा खोळंबा नको आजच्या दिवशी."

सुधाकरराव देवभोळे. त्यांनी मान हलवली. सुलभाने दोन्ही हातांत भुलाबाई धरली होती, तेव्हा खिरापतीचा डबा आक्कांनी शारदाबाईंच्या हाती दिला. सुधाकररावांनी स्वतः दार उघडून त्यांना वाट दिली. मागे अंगणात कामवाली मनकर्णा शेणाचे हात घेऊन उभी होती. बाईंनी वळून पाहिलं, तेव्हा तिने नजर खाली घातली.

२

दत्तात्रय वकिलांचं घर समोरच. त्यांची बायको गोदाबाई, हिला गलका जितका जास्त तितकं सुख जास्त. अंगण पोरींनी फुलून गेलं होतं.

गाणी झाली आणि खिरापत ओळखायची वेळ आली. हा खेळ ज्याने काढला तो मोठा धूर्त असला पाहिजे. डबा बंद, आत खाऊ. पोरी डबा कानापाशी नेऊन वाजवतात आणि ओळखतात. ओळखता आला नाही तर डबेवालीची जीत. म्हणून खाऊ करणारी बाई पोटच्या पोरीलाही आत काय आहे ते सांगत नाही, आणि ओळखण्याआधी डबा कोणी म्हणजे कोणी उघडत नाही.

शारदाबाईंनी हा खेळ गेल्या आठवड्यात वर्गातच नेला होता. इंग्रजीत शक्यता कशी बोलायची आणि खात्री कशी, हे पोरींच्या डोक्यात काही केल्या शिरेना, तेव्हा त्यांनी टेबलावर बंद डबा ठेवला. न वाजवता बोलायचं तर 'माइट बी', असेलही कदाचित. वाजवून थोडा अंदाज आला की 'मे बी'. हलका आवाज आला तर लाडू असूच शकत नाही, 'कान्ट बी'. आणि सगळं जुळलं की 'मस्ट बी', असलाच पाहिजे.

"मतलब मस्ट म्हणजे एकदम पक्कं ना बाई?" सुलभाने विचारलं होतं.

"पक्कं असतं तर सरळ 'इज' म्हणाली असतीस. मस्ट म्हणजे डबा अजून उघडलेला नाही. डोळ्यांनी पाहिलं की मग इज."

आता सुलभाने आपला पितळी डबा हलवला. आतून बारीक, गोल, खुळखुळता आवाज आला.

"फुटाणे!" "नई नई, चिंचोके!" "बत्तासे!"

"बाई, तुम्ही सांगा ना!" पोरींनी कडेला बसलेल्या शारदाबाईंना ओढलं. त्यांनी डबा कानाशी धरला. टणक होतं, गोल होतं, पितळेवर घरंगळत होतं. त्या महिन्याभरात पहिल्यांदा खुलून हसल्या.

"खडीसाखर. मस्ट बी."

सुलभाने झाकण फिरवलं. ताटलीवर तुपाने चमकणारा शिरा होता.

पोरी लोळून लोळून हसल्या. "बाई चुकल्या! बाईंचा मस्ट चुकला!" आक्कांनी पोरींना फसवायला खाली दोन खडे टाकले असतील, असं गोदाबाई म्हणाल्या, आणि शिरा बघता बघता हातोहात संपला. शारदाबाईही हसल्या, पण कानाला फसल्यासारखं वाटत राहिलं. डबे तिथेच टाकून सगळ्या घाटावर भुलाबाईला निरोप द्यायला गेल्या.

परत येऊन पाहतात तो महाजनांच्या अंगणात मनकर्णाचं गाठोडं सोडून पसरलेलं. दोन लुगडी, एक फणी, एक देवीची तसबीर. मनकर्णा भिंतीला टेकून बसली होती आणि सुधाकरराव तिच्यापुढे उभे होते.

"गाठोडं बांधून का ठेवलं होतंस? बोल! पळायचंच होतं ना?"

३

सकाळी मनकर्णा माडीवर आली, पण रोजच्यासारखी नाही. रोज ती संध्याकाळी यायची. कामं आटपली की दोघी खिडकीपाशी बसून चहा घ्यायच्या, एक खुर्चीवर आणि एक उंबऱ्यावर. बोलणं थोडंच व्हायचं. नवऱ्याने टाकलेली बाई आणि नवरा गेलेली बाई, एकमेकींना फारसं विचारावं लागायचं नाही. शारदाबाईंना दिवसाभरात ती एकच वेळ घरासारखी वाटायची.

शाळेत तर आता कोणी उरेल असं दिसत नव्हतं. छप्पन सालचा ऑक्टोबर होता. एक नोव्हेंबर उजाडला की नागपूर, अकोला, मलकापूर सगळं मुंबई राज्यात आणि बऱ्हाणपूर भोपाळकडे. मराठी शिक्षिका एकेक करून नागपूरकडे बदली मागत होत्या. मोठ्या बाई रोज विचारत, "शारदाबाई, तुमचं काय ठरलं?" आणि त्या रोज म्हणत, "बघू." नागपुरात भाऊ होता, पण पत्रात 'ये' असं त्याने कधी लिहिलं नव्हतं.

"ताई, मी नई घेतली," मनकर्णा उभ्यानेच म्हणाली. "दिवसभर अंगण सारवत होती. घरात पायसुद्धा नई टाकला."

"आणि गाठोडं?"

"सुलभाताईनं म्हटलं होतं, लग्न झालं का तुले मलकापूरले पाठराखीण म्हनून नेते. मले राहवलंच नई. आतापासूनच बांधून ठेवलं." तिने डोळे पुसले. "आता मालक म्हनते, सांजेपर्यंत माळ दे नई तं नीघ. देडतलाईले भाऊ आहे, त्यानं एकदा दारातून काढलेली. मी कुठं जाऊ?"

मनाने शारदाबाई कधीच तिच्या बाजूच्या झाल्या होत्या. पण पेशा असा की मनाला वाटतं म्हणून 'कान्ट' म्हणायची त्यांना सवय नव्हती. दुपारी आक्कांनी चांदीच्या समया काढल्या तेव्हा किल्ली डबीच्या कपाटालाच राहिली होती, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. अंगणातून आत जायला किती वेळ लागतो?

"ताई," मनकर्णाने विचारलं, "तुमाले तं खात्री आहे ना?"

त्या शब्द शोधत राहिल्या. 'आहे' असं म्हणायला तोंड उघडलं तोवर मनकर्णा जिना उतरून गेली होती. सगळं घर न पाहता 'मस्ट' म्हणत होतं आणि आपण पाहिलं नाही म्हणून 'माइट' म्हणालो, तिच्या दृष्टीने फरक तो काय? आता डबा उघडल्याशिवाय सुटका नव्हती.

दुपारी शाहपुराहून चुडामण आला. महाजनांच्या केळीच्या बागेचा कारभार तो बघायचा. काल दुपारी घड घेऊन आला होता आणि ते पिकायला टांगायची खोली कपाटाच्या खोलीला लागूनच. शिवाय दिवे लागायच्या आत तो निघूनही गेला होता. मनकर्णा नसेल तर चुडामण, असं गल्लीत बोललं जाऊ लागलं होतं.

"मले काय विचारता बाई," तो ओसरीवर बसून चिडून म्हणाला. "मालकानं विचारलं, वकीलसाहेबानं विचारलं. मी आलो, घड टांगले, सीधा बैलगाडी जोडून गेलो. आक्कानं पानी दिलं ते बी वरून ओतलं."

"वरून का?"

"हात बघा ना!" त्याने तळवे पसरले. केळीच्या चिकाने ते काळेकुट्ट झाले होते. धोतरावरही तेच डाग, धुऊन धुऊन तांबूस झालेले. केळीचा चीक म्हणजे हट्टी पाहुणा, एकदा आला की जायचं नाव घेत नाही.

"कालही असेच होते?"

"मंग! ताजे कापलेले घड, काल तं टपकत होते."

शारदाबाई आत गेल्या आणि सुधाकररावांकडून डबी मागून घेतली. आतला कापूस काल दिसला तसाच पांढराशुभ्र होता. माळ उचलताना बोटं कापसाला टेकणारच. चुडामण असूच शकत नाही. पण शेणाचे हात धुऊन निघतात, तेव्हा मनकर्णाभोवतीचा फास आणखी आवळला गेला, आणि संध्याकाळ जवळ येत चालली होती.

४

डोकं चालेना तेव्हा माणूस बारीकसारीक कामं काढतं. शारदाबाईंना आपला डबा आठवला आणि त्या समोर वकिलांकडे गेल्या.

"डबा?" गोदाबाई हात नाचवत म्हणाल्या. "अहो, तो तर आक्का सकाळीच घेऊन गेल्या. तीच तर नवलाची गोष्ट सांगणार होते तुम्हाला. मी अजून दात घासत होते, तर आक्का दारात!"

"आक्का? तुमच्याकडे?"

"तेच म्हणते मी! माझ्या लेकाच्या बारशाला हाताला धरून बोलावलं तरी आल्या नाहीत. म्हणे, आम्ही कशाला शुभाच्या घरी. आणि आज डब्यासाठी उंबरा ओलांडून सरळ स्वयंपाकघरात! मी म्हटलं, थांबा, घासून देते, चिमूटभर साखर घालून देते. दुसऱ्याचं भांडं कोणी रिकामं परत धाडतं का? तर ऐकेचनात. खरकटा, रिकामा डबा पदराखाली धरला आणि चालत्या झाल्या. मला बाई काही बरं वाटलं नाही. अपशकुनच की."



रिकामं भांडं परत जात नाही. हे बऱ्हाणपुरात शेंबड्या पोरालाही माहीत, आक्कांना तर रक्तात मुरलेलं. गोदाबाई डबा घासणार, घासताना ताटली उचलणार, ताटलीखाली साखर घालणार. त्या रीतीलाच आक्का घाबरल्या होत्या. कारण ताटलीखाली काहीतरी होतं. टणक, गोल, पितळेवर घरंगळणारं.

शिरा काही वाजत नाही.

काल सगळ्या पोरींनी बाईंना हसून घेतलं आणि बाईंनीही आपलं चुकलं असं मानून टाकलं. पण कान चुकला नव्हता, नाव चुकलं होतं. खडीसाखर नव्हती ती. सोन्याचे मणी होते. झडती सुरू असताना घराबाहेर गेल्या त्या फक्त दोन वस्तू, भुलाबाई आणि खिरापत. आणि खिरापत कोणी उघडत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. चोरीची माळ सुधाकररावांच्या डोळ्यांदेखत घराबाहेर नेली होती ती त्यांनी स्वतः, आपल्या हातांनी.

५

स्वयंपाकघरात आक्का एकट्याच होत्या, चुलीपुढे पाट घेऊन. दूध तापत होतं. वरच्या फळीवर, डाळीतांदळाच्या डब्यांशेजारी, पितळी डबा ठेवलेला होता. कालची झडती झालेलं घर. आता तिथे कोण बघणार?

"माझा डबा न्यायला आले, आक्का."

"घासायचा राहिलाय अजून. उद्या देते."

शारदाबाईंनी हात वर करून डबा उचलला. आक्का अर्धवट उठल्या आणि तशाच थांबल्या. बाईंनी डबा त्यांच्या कानापाशी नेला आणि हळूच हलवला. खुळ्, खुळ्.

"ओळखा, आक्का."

दूध उतू गेलं. दोघींपैकी कोणीही ते उतरवलं नाही.

"तुम्ही भरलात डबा," शारदाबाई शांतपणे म्हणाल्या. "मनकर्णाचा त्याला हातही लागला नव्हता. खोळंबा नको म्हणून आम्हाला वाट तुम्हीच काढून दिलीत. आणि सकाळी वकिलीणबाईंनी ताटली उचलायच्या आत तुम्ही पोहोचलात. मला एकच कळलं नाही. का?"

आक्का पुन्हा पाटावर बसल्या. बोलल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"सुलभा रांगत होती तेव्हा वहिनी गेली. पोरगी पहिला शब्द बोलली तो आत्या. ह्या घरात मला मायेने हाक मारणारी ती एकच हो. सुधाकर हाक मारतो ती किल्लीसाठी. ती गेली की मी अख्खा दिवस कोणाशी बोलू? ह्या तव्याशी?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "माळ नाही दिसली तर शुक्रवारचं पुढे जाईल, एवढंच मनात होतं. एक वर्ष आणखी. मग भुलाबाईच्या पाटाखाली सापडली म्हणून सांगणार होते. कोणावर आळ येईल हे डोक्यातच आलं नाही. आळ आला, आणि मग तोंडच उघडेना."

शारदाबाई रागावून आल्या होत्या, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

"मलकापूर म्हणजे हाकेच्या अंतरावर आहे, आक्का."

"होतं. आता म्हणे ते दुसरं राज्य. चौकीवर अडवतात का हो बायामाणसांना?"

"नाही अडवत. कोणी नाही अडवत."

"तुम्ही सांगणार सुधाकरला?"

डबा शारदाबाईंच्या हातात जड झाला होता. माळ गुपचूप भुलाबाईच्या पाटाखाली ठेवता आली असती. घराची अब्रू राहिली असती, आक्कांचं म्हातारपण राहिलं असतं. पण मनकर्णाकडे लोकांनी जन्मभर वळून पाहिलं असतं आणि म्हटलं असतं, 'घाबरून परत ठेवली असेल.' असेल, कदाचित, नक्कीच. त्या शब्दांचा धंदा शारदाबाईंना चांगला माहीत होता.

"तिचं गाठोडं सगळ्यांसमोर सोडलं, आक्का," त्या म्हणाल्या. "आळही सगळ्यांसमोरच उतरायला हवा. मी सांगितलं तर तुम्हाला पकडलं असं होईल. तुम्ही सांगा."

त्यांनी डबा पाटापाशी ठेवला आणि बाहेर ओसरीवर जाऊन उभ्या राहिल्या. मनकर्णा दारापाशी गाठोडं घेऊन बसली होती. सुधाकरराव अंगणात येरझारा घालत होते. दिवे लागायची वेळ झाली होती, आणि आतून काहीच हालचाल ऐकू येईना. शारदाबाईंना वाटलं, नाही येणार. आपणच बोलावं लागणार.

मग स्वयंपाकघराचं दार वाजलं. आक्का दोन्ही हातांत माळ धरून आल्या, जी माळ चारचौघांसमोर हाती धरायचा त्यांना उभ्या जन्मात प्रसंग आला नव्हता.

"सुधाकर," त्या म्हणाल्या, "मनकर्णाने नाही. मी घेतली."

६

सुधाकरराव बहिणीला एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं सगळ्यांना वाटलं. सुलभा मात्र आत्याच्या गळ्यात पडून ओरडून ओरडून रडली आणि शुक्रवारी पाहुण्यांसमोर हटून बसली. माळ घालीन तर आत्याच्या हातून, नाहीतर नाही. चार बायका कुजबुजल्या, मलकापूरची विहीणबाई मात्र म्हणाली, "घाला हो. वाढवलं तुम्ही." तुळशीचं लग्न लागलं तसं लगेच सुलभाचंही लागलं आणि ती मलकापूरला गेलीसुद्धा.

मनकर्णा पाठराखीण म्हणून गेली नाही.

"आळ उतरला ताई," ती जिन्याखाली उभी राहून म्हणाली, "पन गाठोडं सोडलं होतं ना सगळ्यांपुढं, ते आता बांधल्या जात नई." गोदाबाईंनी तिला आपल्याकडे ठेवून घेतलं. गोदाबाईंकडे काम पुष्कळ आणि बोलणं त्याहून पुष्कळ, तिचं बरं चाललं होतं. अंगण झाडताना माडीच्या खिडकीत शारदाबाई दिसल्या तर ती हात हलवायची. वर मात्र आली नाही.

शारदाबाईंना कारण ठाऊक होतं. गाठोडं हे एक झालं. दुसरं त्या सकाळचं होतं. तिने खात्री मागितली होती आणि बाई व्याकरण बघत बसल्या होत्या. सगळं कोडं सोडवलं, ते त्या एका सकाळची भरपाई व्हावी म्हणूनच जणू. भरपाई झाली नव्हती.

नोव्हेंबर सरत आला. शाळेवरची पाटी बदलायची म्हणून कोणीतरी मापं घेऊन गेलं. संध्याकाळी शारदाबाई सवयीने दोन कप काढत आणि मग एक परत ठेवत.

अशाच एका संध्याकाळी जिना वाजला.

त्यांचा हात कपावर थांबला. वारा असेलही, माडीचं दार सैल आहे. सुधाकररावही असतील, भाड्याचं काहीतरी. पण पावलं सावकाश होती, अनवाणी होती, बाईमाणसाची होती. मनकर्णाच असली पाहिजे. 'मस्ट' मनात उमटला आणि त्यांनी धावत जाऊन दार उघडलं.

आक्का होत्या. दम लागलेला, एका हाताने कठडा धरलेला. इतक्या वर्षांत त्या हा जिना कधी चढल्या नव्हत्या. दुसऱ्या हातात पितळी डबा होता, घासून लखलखीत केलेला.

"द्यायचा राहिला होता," त्या म्हणाल्या. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या. "तुम्हीही नागपूरकडे जाणार म्हणे. गोदाबाई सांगत होती."

शारदाबाईंना वाईट वाटलं. मनकर्णा नव्हती याचं, आणि ह्या बाईकडे त्यानंतर आपण एकदाही खाली जाऊन डोकावलो नाही याचंही. त्यांनी डबा घेतला. जड होता. त्यांनी तो कानाशी नेऊन हलवला. आत काहीच वाजलं नाही.

आक्का त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. "ओळखा," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"शिरा."

"पक्कं? मस्ट का काय म्हणता ते? सुलभा म्हणायची."

"आधी उघडू या." शारदाबाईंनी झाकण फिरवलं. ताटलीवर शिरा होता, अजून गरम. ताटली उचलून पाहिली, तर खालीही शिराच होता.

"आहे," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि मी कुठेही जाणार नाही, आक्का. उद्या मोठ्या बाईंना सांगून टाकते. या ना आत."

आक्का उंबरा ओलांडून आल्या आणि खुर्ची सोडून खालीच बसल्या. शारदाबाईंनी स्टोव्ह पेटवला. मनकर्णाचा कप फळीवर तसाच ठेवला आणि पाहुण्यांसाठी म्हणून जपलेला तिसरा कप धुऊन घेतला.